हशा कोणावर पिकतो, एवढे पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकाच मंचावर राजकीय चर्चा, विनोदी सादरीकरण आणि गाणी असा कार्यक्रमांचा एक प्रकार अलीकडे चांगलाच रुळला आहे. दोन-तीन पक्षांचे प्रतिनिधी, एक विनोदवीर, एक वाद्यवृंद आणि समोर तिकीट काढून आलेले तरुण प्रेक्षक, असा साधारण थाट असतो. ‘राजकारणाचा तमाशा केला’ म्हणून या प्रकाराला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत, पण मी त्यांच्यातला नाही. उलट, तो खरोखरच तमाशाच्या अंगाने गेला असता तर बरे झाले असते असे मला वाटते, आणि हे मी थट्टेने म्हणत नाही.

तरुणपणी काही वर्षे मी एका कलापथकात झील धरत होतो. मुख्य शाहिराच्या मागे डफ-तुणतुण्याच्या संगतीने ‘जी जी रं जी’ म्हणायचे, एवढेच माझे काम. पण मागे उभे राहिल्यामुळे प्रेक्षकांचे चेहरे मला शाहिराइतकेच स्पष्ट दिसत. पोवाडा चालू असताना माणसे माना डोलावत, पण मुद्दा त्यांच्या गळी उतरे तो बतावणीत, म्हणजे मधल्या विनोदी संवादात. सरदाराची भूमिका करणारा ऐटीत काही तरी जाहीर करी आणि सोंगाड्या भोळेपणाचा आव आणून विचारी, ‘म्हंजी नक्की काय वो, सरकार?’ या एका प्रश्नाने सरदाराची निम्मी हवा जाई. तो पुन्हा समजावू लागला की सोंगाड्या आणखी भोळा होई, आणि तिसऱ्या खेपेला सरदाराला एक तर खरे बोलावे लागे, नाही तर आपलेच हसे करून घ्यावे लागे. हशा पिके तो उत्तर टाळणाऱ्यावर. विचारणाऱ्यावर कधीच नाही.

ही रचना आपल्याकडे जुनी आहे. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ मध्ये झाली आणि पुढे त्या विचाराच्या जलसाकारांनी तमाशाचाच सांगाडा उचलून त्यात सावकारी, भिक्षुकशाही आणि शिक्षण हे विषय भरले. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आंबेडकरी जलशांनी तीच वाट पुढे नेली. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहिरांनी मैदानेच्या मैदाने कशी भारून टाकली, हे वेगळे सांगायला नको. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. तेथे चर्चेच्या जोडीला विनोद आणि गाणे ठेवलेले नसे. युक्तिवादच गायला जाई आणि प्रश्नच विनोदाच्या तोंडून येई. गाणे काढून घेतले असते तर मुद्दाही शिल्लक राहिला नसता.

अर्थात, जलसा आणि कलापथक हे एका बाजूचे असत. ज्याची खिल्ली उडवायची तो सावकार किंवा मंत्री प्रत्यक्ष मंचावर नसे. त्याचे सोंग घेतलेला आमचाच एखादा गडी असे आणि त्याला हरणे भागच होते. हा दोष मी नाकारत नाही. दोन्ही बाजू समोरासमोर पाहायच्या असतील तर कलगी-तुऱ्याकडे वळावे लागेल. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणार आणि तुरेवाले शिवाला. एका फडाने गाण्यातून कोडे टाकायचे आणि दुसऱ्याने ते गाण्यातूनच सोडवायचे. विषय अध्यात्माचा असला तरी शिस्त वादविवादाची होती. सवालाला जवाब आला नाही तर तो फड हरला, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला कळे आणि ढोलकीच्या कडकडाटात ते लपवता येत नसे.

आता परवाचा अनुभव सांगतो. कार्यक्रमाचे, आयोजकांचे किंवा पाहुण्यांचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण तक्रार व्यक्तींबद्दल नसून बेतल्या गेलेल्या क्रमाबद्दल आहे. सव्वादोन तासांच्या त्या कार्यक्रमात प्रेक्षकांच्या प्रश्नांसाठी शेवटची पंधरा मिनिटे राखलेली होती आणि प्रत्यक्षात त्यांतली नऊच उरली. सूत्रसंचालन विनोदवीराकडेच होते. चाळिशीच्या एक बाई ध्वनिक्षेपकापाशी आल्या. हातातल्या चिठ्ठीवर प्रश्न लिहून आणलेला होता. मुलीच्या शाळेत दोन वर्षांपासून गणिताचे शिक्षक नाहीत, रिकामी पदे कधी भरणार, एवढेच त्यांनी सत्ताधारी पक्षाच्या प्रतिनिधीला विचारले. त्या प्रतिनिधीने तोंड उघडण्याआधीच विनोदवीर म्हणाला, ‘मुलगी नशीबवान आहे, आमच्या वेळी गणिताचे सर एक दिवस गैरहजर राहत नव्हते!’ सभागृह हसले, ड्रमवाल्याने झांजेवर एक टोला दिला आणि सर्वांत मोठ्याने हसले ते ज्यांना प्रश्न विचारला होता तेच गृहस्थ. पुढचे गाणे सुरू झाले. बाईही ओशाळून हसल्या, चिठ्ठीची घडी घातली आणि जागेवर जाऊन बसल्या.

विनोद वाईट होता असे मी म्हणत नाही; एरवी मीही त्यावर हसलो असतो. पण सोंगाड्याने येथे बाजू बदलली. सरदाराला उघडे पाडायचे सोडून त्याने त्याच्यावर पांघरूण घातले, तेही बहुधा नकळत, वेळ संपत आली म्हणून. विरोधी पक्षाच्या प्रतिनिधीनेही तो धागा उचलला नाही, हेही नोंदवले पाहिजे. हसऱ्या सभागृहात गंभीर होणाऱ्या माणसाला रसभंग करणारा ठरवले जाते आणि हा धोका पत्करायला राजकारणी सहसा तयार नसतो.

हे टाळता येते, याचे एक उदाहरण परदेशातले आहे. ब्रिटनमध्ये १९८५ च्या अखेरीस बिली ब्रॅग, पॉल वेलर आदी गायकांनी मजूर पक्षाच्या बाजूने तरुणांना वळवण्यासाठी ‘रेड वेज’ नावाची मोहीम काढली. तिच्यात संगीताचे दौरे झाले आणि १९८७ च्या निवडणुकीच्या सुमारास विनोदवीरांचाही दौरा झाला. तेथे मंच कलावंतांचा असे आणि पक्षाचे खासदार सभागृहाच्या आवारात प्रेक्षकांशी बोलायला उभे राहत. ती निवडणूक मजूर पक्ष हरला, त्यामुळे मोहीम फळली असे म्हणता येणार नाही. पण गाणे आणि सवाल-जवाब यांच्या जागा वेगळ्या ठेवण्यातला शहाणपणा निकालाने खोटा ठरत नाही.

आपला कायदाही या मिश्रणाची ताकद ओळखून आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत सभा आणि मिरवणुकांना बंदी असतेच, पण लोकांना आकर्षित करण्यासाठी संगीताचा कार्यक्रम, नाट्यप्रयोग किंवा अन्य करमणूक ठेवून निवडणुकीचा प्रचार करण्यालाही स्पष्ट मनाई आहे. गाण्याने माणसे जमतात आणि जमलेली माणसे वळवता येतात, हे ज्या कायद्याने गृहीत धरले, त्याच कायद्याच्या राज्यात ‘हे तर नुसते मनोरंजन आहे’ हा आयोजकांचा बचाव मला पटत नाही.

आणखी एक अडचण दिसायला क्षुल्लक, पण कामाची आहे. खुल्या मैदानात कार्यक्रम असला तर ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करावा लागतो. मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस आणि तीही सांस्कृतिक किंवा धार्मिक सणा-प्रसंगांपुरती आहे. कार्यक्रम उशिरा सुरू होतात, हे सर्वांना ठाऊक आहे. मग दहाचा ठोका जवळ आला की कात्री कशाला लागणार? ज्या गायकाच्या नावावर तिकिटे खपली त्याच्या शेवटच्या गाण्याला लागत नाही. ती प्रश्नोत्तरांना लागते. ज्यांना प्रश्न नकोच असतात त्यांच्या हे पथ्यावर पडते.

म्हणून आयोजकांना माझी विनंती एवढीच आहे की प्रश्नोत्तरे पहिल्या गाण्यानंतर लगेच घ्यावीत, मंडळी ताजी असताना. सूत्रसंचालन विनोदवीराकडे देऊ नये. घड्याळ सांभाळणारा आणि सोंगाड्या ही दोन वेगळी माणसे असावीत. विनोदवीराला मंचावरच्या कोणाचीही टोपी उडवण्याची पूर्ण मोकळीक द्यावी आणि त्याबद्दल कोणी त्याच्या मागे पोलिसांचा ससेमिरा लावू नये. पण उत्तर येईपर्यंत विचारणाऱ्यावर विनोद नाही, हा दंडक त्यानेच स्वतःला घालून घ्यावा. वादकांनीही तेवढा वेळ हात आवरावा. कार्यक्रमाचा खर्च कोण करते, हे प्रवेशद्वारावर लिहिलेले असावे, हे मी ओघात सांगतो. त्यावर स्वतंत्र पत्र लिहावे लागेल.

आपल्याकडेही एक मागणे आहे. अशा कार्यक्रमांच्या बातम्या आणि जाहिराती आपल्या दैनिकात येतात. त्यांत कलावंतांची नावे ठळक असतात, पाहुण्यांची छायाचित्रे असतात. त्याच चौकटीत प्रश्नोत्तरांची वेळ किती वाजता आणि किती मिनिटे, ही एक ओळ छापण्याचा आग्रह आपण धरावा, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तान्तात कोणती गाणी झाली याबरोबर कोणते प्रश्न अनुत्तरित राहिले, हेही आपल्या प्रतिनिधीने नोंदवावे. त्या बाईंची चिठ्ठी तेवढ्यापुरती तरी कोणी उघडून वाचली, असे होईल.

आपला नम्र,
एक जुना झीलकरी