बाईंची बॅग खालच्या कोपऱ्यात का फाटते

संपादक साहेब, नमस्कार.

दर जूनला शाळा सुरू झाल्या की मुलांच्या दप्तराच्या ओझ्याची बातमी पेपरात येते, फोटोपण असतो, वाकलेलं पोरगं आणि पाठीवर हे एवढं दप्तर. ते बरोबरच आहे. २०१५ ला राज्य सरकारने जीआर काढला की दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या वर नको, म्हणजे ३० किलोच्या पोराला ३ किलो, आणि पुढे केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही तेच आलं. मला लिहायचंय ते त्याच वर्गात फळ्यासमोर उभ्या असणाऱ्या बाईंच्या बॅगेबद्दल, कारण ती बॅग कुणी बघत नाही, मी बघतो.

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला माझं बॅग रिपेरिंगचं छोटं दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं, मी स्वतः मशीनवर बसतोय त्याला २३ वर्षं झाली. आमच्या धंद्यात बॅग कुठे फाटलीय ते बघितलं की माणूस काय काम करतो ते कळतं, विचारावं लागत नाही. लॅपटॉपवाल्यांचं वरचं हँडल उसवतं कारण ट्रेनमध्ये रॅकवर टाकताना काढताना तिथेच झटका बसतो, एमआर लोकांची, म्हणजे औषध कंपन्यांसाठी डॉक्टरांकडे फिरणाऱ्यांची, चेन आणि रनर जातो, दिवसभर उघडझाप चालू. आणि शाळेतल्या बाईंची बॅग खालच्या कोपऱ्यात फाटते. हमखास. रजिस्टरच्या पुठ्ठ्याचं टोक रोज एकाच जागी घासतं, आधी अस्तर जातं मग बाहेरचं मॅटीचं कापड, आणि एक दिवस प्लॅटफॉर्मवर पेन्सिली सांडतात तेव्हा बाई माझ्याकडे येतात.

पूर्वी अस्तर उलटं करून झटकलं की खडूची भुकटी पडायची, मशीनच्या पायडलपर्यंत पांढरं व्हायचं. आता खडू कमी झाला, मार्करचे डाग असतात. पण वजन कमी नाही झालं, वाढलंय.

मागच्या शनिवारी एक बाई आल्या, पन्नाशीच्या असतील, सकाळच्या पाळीच्या शाळेतल्या, ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या ट्रान्स हार्बर लोकलने येजा करतात. म्हणाल्या, दादा दोन्ही पट्टे गेले आणि कोपरा पण गेला, मला सोमवारी पहाटे हवीय. (पेपरात लिहू का असं मी त्यांना विचारलंय, माझं नाव नको आणि शाळेचं पण नको एवढंच म्हणाल्या.) मी म्हटलं रिकामी करून द्या, तर त्या काउंटरवर एक एक काढायला लागल्या आणि काउंटर पुरेना, बाजूच्या स्टुलावर पण ठेवायला लागलं.

हजेरीचा कॅटलॉग, टाचण वही, मूल्यमापनाच्या नोंदींचं जाडजूड रजिस्टर, निबंधाच्या ३८ वह्या दोरीने बांधलेल्या. रबर लावलेला आधार कार्डांच्या झेरॉक्सचा गठ्ठा, काहींवर पेन्सिलीने लिहिलेलं की आईच्या नावात चूक, जन्मतारीख जुळत नाही, कारण यू-डायसला, म्हणजे सरकारच्या शाळांच्या ऑनलाइन नोंदीला, आणि अपार आयडीला, म्हणजे मुलाच्या ओळख क्रमांकाला, नाव अक्षर न् अक्षर जुळावं लागतं, नाहीतर परत पालकांच्या मागे फिरा. बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाची वेगळी प्लॅस्टिकची फाइल, ६ नंबर, ७ नंबर, ८ नंबरचे फॉर्म. एवढे झाले नुसते कागद. मग एक कंपासपेटी निघाली, तिच्यात पेन्सिलीचे बोटाएवढे तुकडे, सगळे टोक काढून तयार. सेफ्टी पिना, केसांचे रबर, नेलकटर, ओआरएसची पुडी, सॅनिटरी पॅडचं पाकीट, पारले-जीचे दोन पुडे, सेलोटेप, शिट्टी. पाचवीचा वर्ग आहे, मुली मोठ्या होतायत, पॅड लागतात म्हणाल्या आणि पुढचं काढायला लागल्या.

आणि डबे दोन. एक त्यांचा. दुसऱ्याबद्दल मी विचारलं तर म्हणाल्या, एका मुलाची आई रात्रपाळीला असते, सकाळी घरात कुणीच नसतं, तो ७ वाजता उपाशी येतो आणि खिचडी मिळते सुट्टीत, तोपर्यंत त्याला काही सुचत नाही. म्हणून एक पोळी जास्त लाटते.

माझ्याकडे ट्रॉली बॅगा तोलायचा हुकचा काटा आहे, विमानाने जाणारे लोक विचारतात म्हणून ठेवलेला. बाईंच्या परवानगीने सगळं परत भरलं आणि लटकवलं. ७ किलो ४००. पाण्याची बाटली धरली नाही. हे घेऊन त्या सकाळी पावणेसहाला घर सोडतात, जिना चढतात, गर्दीत उभ्या राहतात आणि दुपारी तेच सगळं घेऊन परत येतात. मला जरा रागच आला, म्हटलं बाई हे सगळं रोज का आणता, शाळेत ठेवा की. तेव्हा त्यांनी जे सांगितलं त्यासाठी हे पत्र आहे.

शाळेत ठेवायला जागा नाही. म्हणजे इमारत आहे, वर्ग आहे, कपाटसुद्धा आहे, पण सकाळी एक शाळा आणि दुपारी त्याच वर्गात दुसरी, कधी दुसऱ्या माध्यमाची. कपाट एक, चावी दोघांकडे, आणि त्यातला निम्मा भाग जुन्या उत्तरपत्रिकांनी भरलेला. एकदा ठेवलेल्या वह्या ओल्या झाल्या, एकदा रजिस्टरच सापडेना, तेव्हापासून सगळं खांद्यावर. दुपारी साडेबाराला घंटा झाली की पुढची पाळी दारात उभी असते, मग वह्या तपासायच्या कुठे, घरी. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकांचे आठवड्याचे किमान ४५ तास धरलेत, तयारीसकट, पण ती तयारी कुठल्या टेबलावर बसून करायची ते कुणी बघितलं नाही. दुपारी लोकलमध्ये बाई दिसल्या की लोकांना वाटतं सुटल्या लवकर. अहो, त्यांच्या बॅगेत उरलेली अर्धी शाळा असते.

हे फक्त एका बाईंचं नाही. मी त्यानंतर ज्या ज्या शाळेच्या बॅगा आल्या त्यांना विचारायला लागलो, कळवा, दिघा, कोपरखैरणे, तुर्भे, दोन पाळ्यांची शाळा असेल तर उत्तर तेच. मग लक्षात आलं की इतकी वर्षं मी कोपऱ्याला आतून रेक्झिनचा तुकडा लावून डबल शिलाई मारतोय, पट्टा ३ इंच आत घेऊन चौकट आणि मधे फुली मारतोय, पाचच्या जागी १० नंबरची चेन बसवतोय, पण हे दुखणं शिलाईचं नव्हतंच.

मी हे बोलू शकतो कारण माझी मुलगी पण पालिकेच्या शाळेत सहावीला आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यात या समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असायला लागतात, म्हणजे आपणच. पण आम्ही मीटिंगला जातो, वहीत सही करतो, चहा घेतो आणि येतो. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त शाळा अनुदान असतं, पट २५१ ते १००० असेल तर वर्षाचे ७५ हजार. ऐकायला मोठे वाटतात, ४०० पोरांची शाळा धरली तर एका पोरामागे वर्षाला १८७ रुपये ५० पैसे. त्यातच लाइट बिल, दुरुस्ती, किमान १० टक्के स्वच्छतेला, खडू डस्टर मार्कर. कपाटाचा नंबर लागत नाही आणि आम्ही पालक विचारत पण नाही.

कागदांचं तर बोलायलाच नको. कायद्याचं २७ वं कलम म्हणतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसरी कामं द्यायची नाहीत. निवडणुकीचं काम देशाचं आहे, ते करू नका असं त्या बाईपण म्हणत नाहीत, आणि आता २०२७ ची जनगणनापण आहेच. पण मग ती फाइल आणि वह्यांचा गठ्ठा एकाच खांद्यावर एकाच दिवशी का, तेवढ्या दिवसांसाठी वर्गाला दुसरं माणूस द्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की दुसरा डबा, पेन्सिलीचे तुकडे, पिना हे त्या आणणारच, ते कुठल्या जीआरने थांबणार नाही आणि थांबू पण नये. रजिस्टरं, नोंदी, वह्या यांना मात्र प्रत्येक पाळीच्या प्रत्येक शिक्षकाला कुलपाचं एक स्वतंत्र कपाट द्या, बसून तपासायला एक खोली द्या. पाळ्या एकदम बंद करा असं मी म्हणत नाही, त्याला इमारती लागतील. लोखंडी कपाटाला इमारत लागत नाही.

एक सांगायचं राहिलं. बॅग पूर्ण रिकामी झाली असं वाटलं तेव्हा बाईंनी तळातून अजून एक घडी केलेली वस्तू काढली, लहान मुलाचं दप्तर, निळं, चेन पूर्ण तुटलेली, दात गेलेले. वर्गातल्या एका मुलीचं. ती आठवडाभर वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आणत होती. म्हणाल्या, दादा वेळ कमी असेल तर आधी हे करा, माझी मंगळवारी दिली तरी चालेल, मी पिशवीत आणेन. बाईंची बॅग आणि ते दप्तर, दोन्ही मी रविवारी दुकान उघडून केली.

आमच्या समितीची पुढची मीटिंग या महिनाअखेर आहे. कपाटाचा विषय मी लेखी दिलाय, पोच घेतलीय. बाकी पालकांनी पण आपापल्या शाळेत जाऊन बाईंना विचारावं की तुमचं कपाट कुठलं, आणि त्याची चावी कुणाकडे असते.

आपला,
एक बॅग रिपेरिंगवाला, ठाणे (पश्चिम)