वाळलेली बाग का कापत नाहीत

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

शिकागोच्या लूरी गार्डनचा फोटो पाहून आई, तू विचारलंस, "सगळ्याच्या काटक्या झाल्यात, कापत का नाहीत?" अगं, ती झाडं निवडली आहेत तीच वाळल्यावर उभी राहतात म्हणून.

मिलेनियम पार्कमधली ही बाग २००४ साली खुली झाली, तीही जमिनीखालच्या पार्किंगच्या छतावर. रोपांची मांडणी डच बागरचनाकार पीट औडॉल्फ यांची. ते नेदरलँड्समधल्या हारलेमचे, जन्म १९४४चा. १९८२ साली बायकोमुलांना घेऊन तिथल्याच हुमेलो गावी जुन्या शेतघरात राहायला गेले आणि तिथे रोपवाटिका काढली. झाड निवडताना ते आधी ठेवण बघतात, रंग मागाहून. एकिनेशिया या फुलझाडाच्या पाकळ्या गळल्या की मधला काटेरी, काळा गोंडा काडीवर तसाच राहतो. हिवाळ्यात त्यावर बर्फ बसतो आणि गोल्डफिंच पक्षी त्यातल्या बिया टिपतात. दोन महिन्यांच्या फुलांपेक्षा मला तो गोंडा जास्त मोलाचा वाटतो.

त्यांचा ढोबळ हिशेब असा: सत्तर टक्के झाडं फुलं सरल्यावरही आकार धरणारी, तीस टक्के मधल्या जागा भरणारी. चौरस मीटरला सात ते नऊ रोपं लावली की दोन-तीन वर्षांत माती झाकली जाते. तोवर खुरपणीला सुट्टी नाही. खत जास्त झालं तर दांडे उंच वाढून लोळतात. मोनार्डा हे फुलझाड दाट लावलं, हवा खेळली नाही, की पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते.

कापणी हिवाळा सरताना, नवे कोंब फुटायच्या आत. गवत जमिनीपासून चार बोटं ठेवून कापायचं. उशीर झाला तर जुन्या काड्यांबरोबर कोंबही छाटले जातात.

बाबा, परसात असं करायचं म्हणता, तर इथल्या बिया मागवू नका. यातल्या बहुतेक झाडांना कडाक्याच्या थंडीतली झोप गरजेची असते. त्याऐवजी वाळा आणि गवती चहा लावा. पण आपल्याकडे वाळकं गवत घराला लागून उन्हाळाभर ठेवू नका, आगीची भीती असते. मार्चअखेर कापून टाका. शेणखत यंदा घालू नका. आणि सगळ्यात आधी लव्हाळा हे तण, गड्याला खोल खणायला सांगून, गाठींसकट काढून घ्या. वरवर उपटला तर खाली राहिलेल्या गाठी पहिल्या पावसात फुटतात, आणि वाळ्याच्या ठोंबात एकदा शिरला की ठोंब उपटल्याशिवाय निघत नाही.

जागेची लांबी-रुंदी फुटांत कळवा. किती ठोंब लागतील ते लिहून पाठवते.

तुमची लेक