मी पासवर्ड घालत होते, तेव्हा तू खिडकीकडे तोंड केलंस

प्रिय तम्मा,

तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ, तेवढंच लिहिते. तुझं नाव इथं लिहीत नाही, तुला ते आवडणार नाही. तू बेंगळूरला गेल्यापासून मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तू कामावर होतास आणि "अक्का, आमी काय मोठं केलं त्यात," एवढंच म्हणालास. म्हणून हे पत्र. तू हायस्कुलात हिंदी शिकलास, अक्षरं तुझ्या ओळखीची आहेत. सावकाश वाच. एखादा शब्द अडला तर शेजारच्या कुणा मराठी पोराला विचार. मी हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण माझी फजिती सगळ्यांसमोर झाली होती.

आमच्या बचत गटात अठरा बायका. बहुतेक बेळगावच्या वडगावातल्याच, अर्ध्या अधिक मागवाल्यांच्या घरच्या. दर गुरुवारी पैसे जमतात आणि हिशेब माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर चढतो. सगळ्यांची आधार कार्डं, पासबुकांची पहिली पानं, कुणी किती कर्ज उचललं आणि कुणाचा हप्ता थकला, सगळं त्यात. घरच्या नवऱ्यालाही माहीत नसलेल्या गोष्टी बायका मला सांगतात आणि मी त्या आकड्यांत लिहून ठेवते. ती पेटी उघडी पडली तर काय, याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

मंगाईच्या जत्रेनंतरच्या आठवड्यात, भर पावसात, गटातली एक बाई माझ्या दारात उभी राहिली. डोक्यावर इरलं, हातात दुधाची रिकामी पिशवी, पिशवीत गुंडाळलेल्या नोटा. तीन हजार. "वैनी, तुमी दवाखान्यात हाय म्हणून आलं की फेसबुकवर," म्हणाली आणि मला धडधाकट बघून रडायलाच लागली. माझ्या नावानं चौदा जणींना मेसेज गेला होता. तिला मोबाईलवरून पैसे पाठवता येत नाहीत म्हणून ती चालत आली आणि म्हणूनच पैसे वाचले. दुसऱ्या दोघींनी मला फोन करून खात्री केली. बाकीच्या गप्प बसल्या. पुढच्या गुरुवारी त्या माझ्याकडे जशा बघत होत्या, ते मी विसरलेले नाही.

याआधी तो कॉम्प्युटर मी दोनदा दुकानात नेला होता. उघडला की भलतंच पान यायचं, कोपऱ्यातून "तुमच्या कॉम्प्युटरला धोका आहे" अशा पाट्या उड्या मारायच्या. पहिल्या वेळी फॉरमॅट मारला, बाराशे घेतले. दीड महिन्यात पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी पंधराशे घेतले आणि वर एक अँटीव्हायरस घातला, त्याची मुदत महिन्याभरात संपली. दोन्ही वेळा काउंटरवरच्या मुलानं सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं पासवर्ड विचारला. मी सांगितला. त्यानं तो पांढऱ्या चिकटपट्टीवर काळ्या मार्करनं लिहून कॅबिनेटवर चिकटवला. नऊ दिवस माझा कॉम्प्युटर त्या फळीवर होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असा. आणायला गेले तेव्हा तो मुलगा म्हणाला, "काकू, ताईच्या लग्नाचे फोटो मस्त आहेत." मी हसले. काय बोलावं ते सुचलंच नाही. घरी येईपर्यंत मात्र माझ्या पोटात कसंतरी होत होतं. त्यानं माझ्या लेकीचे फोटो एकामागून एक उघडून पाहिले होते आणि त्यात काही चुकलं असं त्याला वाटलंही नव्हतं.

पुण्यातल्या आमच्या एका नातेवाइकांना फोन केला, ते कॉम्प्युटरमधलेच. "जुना झालाय, नवीन घ्या," म्हणाले. तीन मिनिटांत फोन संपला.

मग झेरॉक्सचं दुकान. आठवतंय ना? गटाचा ठराव छापायला पेनड्राइव्ह दिला, तर आतल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. दुकानदार ओरडला, "असला पेनड्राइव्ह लावायचा नाही, माझी मशीन बिघडेल." पाच-सहा माणसं मागं उभी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू रांगेत मागं होतास, पुढं आलास आणि हळू आवाजात म्हणालास, "अक्का, फाइली गेल्या नाहीत, लपल्यात नुसत्या. रविवारी येऊन बगू काय?" आमच्या गल्लीच्या टोकाला खोली घेऊन राहणारा, डिप्लोमा करणारा बैलहोंगलकडचा मुलगा, एवढीच तुझी ओळख. मी हो म्हणाले, पण मनात भीती होतीच. आणखी एक परका माणूस त्या पेटीत हात घालणार.

रविवारी तू आलास, चप्पल बाहेर काढलीस, खुर्चीवर बसलास. पडद्यावर पासवर्डचा चौकोन आला. मला सवयच लागली होती, मी सांगायला तोंड उघडलं. तू हात वर केलास. "सांगू नका अक्का. तुमीच घाला की." असं म्हणून उठलास, मला खुर्ची दिलीस आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिलास.

तम्मा, मला टायपिंग सावकाश जमतं. त्यात त्या दिवशी बोटं थरथरत होती, पासवर्ड दोनदा चुकला. तेवढा सगळा वेळ तू बाहेर बघत होतास. मागच्या परसात वाळत घातलेले आणि पुन्हा भिजलेले कपडे आणि फणसाचं झाड, बघण्यासारखं तिथं दुसरं काही नव्हतं. मी "झालं" म्हणेपर्यंत तू मान वळवली नाहीस. "झालं" म्हटल्यावरही, "नक्की?" असं विचारून मगच वळलास. आणि बसण्याआधी आणखी एक विचारलंस, "ह्यात कुठलं फोल्डर मी उघडायचं नाही, ते सांगून ठेवा."

'घर' नावाचं एक फोल्डर आहे. आई गेल्यापासून मी तिला त्यात पत्रं लिहिते. हे घरात कुणाला माहीत नाही. मी फक्त बोट दाखवलं. तू मान हलवलीस. दिवसभरात त्या फोल्डरवर तुझा माउस एकदाही गेला नाही. फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्यायची वेळ आली तेव्हा ते फोल्डर तू माझ्याच हातानं कॉपी करायला लावलंस.

त्यापुढं काय काय केलंस, ते मला सगळं नीट सांगता येणार नाही. पण जे समजलं ते इथं लिहिते, कारण माझ्यासारख्या पुष्कळ घरांत हीच कथा असणार. तू एक यादी उघडून दाखवलीस. विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा पहारेकरी आधीपासूनच असतो, २०१२ च्या विंडोज ८ पासून तो आतच येतो, त्याला एक पैसा लागत नाही. त्याला 'इथं बघू नकोस' असं सांगायचीही एक यादी असते. माझ्या कॉम्प्युटरच्या त्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह लिहिलेला होता. म्हणजे पहारेकरी होता, पण त्याला सगळ्या घराकडे पाठ करून बसवलं होतं. दुकानातून घातलेलं क्रॅक केलेलं ऑफिस आणि विंडोज चालू करायचं ते चोरटं साधन, ही दोन्ही घालताना अँटीव्हायरस बंद करा असं त्यांच्याबरोबरच लिहून येतं, हे तू सांगितलंस तेव्हा मला कळलं. फॉरमॅट मारून उपयोग का झाला नाही, तेही तेव्हाच कळलं. फॉरमॅटनंतर त्याच पेनड्राइव्हनं तीच घाण पुन्हा आत गेली होती.

आणि विंडोज तर माझं स्वतःचं होतं! २०१९ मध्ये हा कंपनीचा कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्याच्या किमतीतच त्याचा परवाना होता, मदरबोर्डातच नोंदलेला. खरा माल घरात असताना चोरीचा माल घालून घ्यायला मी दोनदा पैसे मोजले. याचा राग मला अजून येतो. बाराशे-पंधराशेचा नाही. मला कळत नाही हे ओळखून मला फसवलं, त्याचा.

तू डिफेंडरचं ते ऑफलाइन स्कॅन लावलंस. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी सुरू झाली, म्हणजे लपून बसलेल्यांना जागं व्हायला वेळच मिळत नाही. पंधरा-वीस मिनिटं लागली. बाहेर पाऊस, करंट जाईल म्हणून माझा जीव खालीवर. तेवढ्यात तू आंबोळी खाल्लीस, तिसरी नको म्हणालास आणि चौथीही खाल्लीस. स्कॅनमध्ये सदतीस नावं निघाली. त्यातलं एक माहिती चोरणारं होतं. ब्राउझरमध्ये आपण 'लक्षात ठेव' म्हणून ठेवलेले पासवर्ड आणि उघडी राहिलेली खाती ते बाहेर पाठवतं. फेसबुकवरचे ते मेसेज तिथूनच गेले असणार, असं तू म्हणालास. म्हणूनच मेलचे, फेसबुकचे आणि बँकेचे नवे पासवर्ड या कॉम्प्युटरवर घालू नका, मोबाईलवरून बदला आणि सगळीकडून लॉग आउट करा, हे तू सगळ्यात आधी करायला लावलंस. तेव्हाही तू पुन्हा खिडकीकडेच.

असला चोर आत येऊन गेला असेल तर नुसतं झाडून भागत नाही, असं म्हणून तू मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून विंडोज उतरवून नव्यानं घातलंस. फुकट. अपडेट चालू केलंस. दुकानदारानं ते बंद केलं होतं, 'स्लो होतो' म्हणून. तेव्हा तू वॉनाक्राय नावाच्या व्हायरसची गोष्ट सांगितलीस. २०१७ च्या मे महिन्यात त्यानं जगभरातल्या दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरांतल्या फाइलींना कुलूप घातलं आणि त्याला अडवणारं अपडेट मार्चमध्येच येऊन पडलं होतं. ज्यांनी ते घेतलं नाही त्यांच्या दारात तो शिरला. हे ऐकल्यापासून अपडेटसाठी थांबायला लागलं तरी मला त्याचा कंटाळा येत नाही.

गेम घालायला येणाऱ्या माझ्या पुतण्यासाठी तू वेगळं खातं काढून दिलंस, नवीन काही बसवायचं असलं की माझा पासवर्ड लागेल असं. कोपऱ्यातून येणाऱ्या पाट्या म्हणजे व्हायरसही नव्हेत. कुठल्यातरी साइटला मी कधीतरी 'अलाउ' दाबून दिलेली परवानगी होती, ती काढली की गेल्या. पेनड्राइव्हमधल्या लपलेल्या फाइली एका ओळीच्या हुकमानं बाहेर आल्या. आणि जाताना तू एक चिठ्ठी लिहून दिलीस. भाषा मराठी, अक्षरं कन्नड! "मराठी ल्ह्यायला यीत नाही अक्का, बोलायला येतंय," म्हणालास. मी शाळेत कन्नड शिकलेय, घडाघडा वाचली. पैशांची फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन. पेनड्राइव्ह आणि बॉट (आपला कॉम्प्युटर परक्याच्या हुकमावर चालवणारा व्हायरस) साफ करायची मोफत साधनं सरकारच्याच सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर. गुरुवारी हिशेब झाला की डिस्क जोडायची, कॉपी करायची आणि काढून कपाटात ठेवायची, जोडलेली सोडायची नाही. एवढंच. आपल्या गावात पाटी कुठल्या अक्षरात असावी यावरून मी लहानपणापासून दगडफेक बघत आलेय. तुझी ती चिठ्ठी मी फ्रिजवर लावलीय. घरी आलेला प्रत्येक जण ती वाचायचा प्रयत्न करतो.

माझे वडील पोस्टात होते. खेडेगावात बायकांना आलेली पत्रं वाचून दाखवायचे आणि दाराबाहेर आले की विसरायचे. आई विचारायची, अमकीच्या लेकीचं काय आलं पत्रात? ते म्हणायचे, "तिचं पत्र होतं." चाळीस वर्षांत एका शब्दानं पुढं गेले नाहीत. तू खिडकीकडे वळलास तेव्हा मला ते आठवले. कॉम्प्युटर येणारी पोरं आता गल्लीगल्लीत आहेत. तुझ्यासारखं वागणारं दुसरं कुणी मला अजून भेटलेलं नाही. आणि हे तुला कुणी शिकवलं असेल असंही वाटत नाही. तुझ्या आईला एकदा भेटायचंय मला.

पुढच्या गुरुवारी मी सगळ्या अठराजणींना घरी बोलावलं आणि जे झालं ते पहिल्यापासून सांगितलं. चिकटपट्टीचंही, फोटोंचंही. ज्या गप्प बसल्या होत्या त्यांतल्या तिघींनी कबूल केलं की त्यांच्याही घरी कॅबिनेटवर अशीच पट्टी आहे. माझ्या कॅबिनेटवरची मी त्याच दिवशी खोबरेल लावून, नखानं खरवडून काढली. डाग राहिलाय थोडा.

एक राहिलंच. त्या दिवशी तू दोन पेनड्राइव्ह आणले होतेस, एक विंडोजचा आणि एक तुझा. तुझा, निळ्या टोपणाचा, मिक्सरच्या मागं सापडला. पुसून डबीत ठेवलाय. दिवाळीला आलास की घेऊन जा. मी तो लावून पाहिलेला नाही.

तुझी,
गल्लीतली अक्का