गोळीपुढे वाजले किती ते लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे १-०-१ किंवा १-१-१ लिहिलेलं असतं. सकाळ, दुपार, रात्र. तापाला, बीपीला तेवढं पुरतं. आमच्या ह्यांना सात वर्षांपासून पार्किन्सन, म्हणजे कंपवात, आहे आणि गोळ्या आहेत दिवसातून पाच वेळा: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि झोपताना हळूहळू विरघळणारी एक, जी कुटून द्यायची नाही. तीन आकड्यांत पाच वेळा बसवायच्या कशा?

गोळी लेव्होडोपा-कार्बिडोपाची. तिचा अंमल ह्यांना जेमतेम चार तास पुरतो. तो उतरला की हे न्हाणीच्या उंबरठ्यावर उभेच्या उभे राहतात, पाऊल म्हणून उचलत नाही. जेवणासोबत दिली तरी ती नीट लागू पडत नाही, कारण वरणातली प्रथिनं आणि ही गोळी आतड्यातून एकाच वाटेनं रक्तात जातात. म्हणून जेवणाआधी अर्धा तास. आता आमच्याकडच्या माणसाला दुपारच्या पानात तुरीचं वरण नाही म्हणजे काय! नागपूरचे डॉक्टर म्हणाले, बंद करू नका, रात्रीच्या जेवणात द्या. तेव्हा हे खूश झाले. चेहऱ्यावर आताशा फारसं दिसत नाही, पण मला कळतं.

मी अंगणवाडी सेविका होते, रजिस्टरं भरण्यात हात बसलेला. जुन्या लुगड्याचे पाच खिसे शिवून भिंतीला टांगले. डबीचं झाकण ह्यांच्या थरथरत्या हातांना उघडत नाही, खिशात बोटं जातात. प्रत्येक खिशावर नातवानं घड्याळ काढलंय, कारण कापूस वेचणीच्या दिवसांत मी वावरात असते आणि दहाची गोळी शेजारच्या आजी देतात. त्यांना अक्षरं येत नाहीत, काटे समजतात. गोळ्या सुट्या करत नाही, स्ट्रिप कात्रीनं कापते आणि मुदत छापलेलं टोक शेवटी वापरते. पंधरा दिवसांचा साठा वेगळा असतो. ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, तरी तालुक्याच्या मेडिकलमध्ये कधी असते, कधी नसते; आणि एकाएकी बंद पडली तर जिवावर बेतू शकतं.

एवढं करूनही मागच्या पावसाळ्यात घोळ झालाच. छातीत कफ झाला म्हणून ह्यांना एका रुग्णालयात ठेवलं. केसपेपरवर लिहिलं १-१-१. घरच्या गोळ्या द्यायच्या नाहीत, असं सिस्टरनं बजावलं. सहाची गोळी राऊंड झाल्यावर साडेनऊला आली, तीही पोह्यांसोबत. तोवर ह्यांना कूस बदलता येईना, पाणी ओठांतून बाहेर येऊ लागलं. बाजूच्या खाटेवरून विचारलं, “बुढ्याले लकवा मारला काय?” दुपारी उलटी झाली तर मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन आणलं. पार्किन्सनमध्ये ते चालत नाही, असं नागपूरच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात होतं आणि ती माझ्या पिशवीत होती, म्हणून थांबलं. सिस्टरला मी दोष देत नाही. तिच्या अंगावर अख्खा वॉर्ड, आणि कागदावर जे असेल तेच ती देणार.

म्हणून म्हणते, कागद बदला. पार्किन्सनच्या रुग्णाच्या केसपेपरवर प्रत्येक गोळीपुढे वाजले किती ते लिहा. वॉर्डात त्या वेळेला कोणाला येणं जमत नसेल, तर डॉक्टरांच्या सहीनं ती गोळी घरच्या माणसाला देऊ द्या. मेडिकलवाल्यांनीही पाकिटावर मराठीत वेळ टाकावी. आमच्या मेडिकलवाल्याला हे सांगितलं तर तो हसला, “काकू, जागाच कुठं हाय लिव्हाले?” आता स्केचपेननं लिहून देतो. पण फक्त आमच्याच पाकिटावर.

— एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ