पुढचे पंख म्हणजे चपळाई नव्हे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला लढाऊ विमानांवरचा लेख आवडीने वाचला, पण दोन ठिकाणी अडखळलो. 'कॅनार्डचे विमान चपळ, शेपटीचे विमान जुन्या वळणाचे' हे विधान एक, आणि सोबतची आकृती दुसरी. (कॅनार्ड म्हणजे मुख्य पंखाच्या पुढे बसवलेले छोटे पंख, शेपूट म्हणजे मागचे आडवे छोटे पंख.) आकृतीत शेपटीवरचा बाण खाली आहे, कॅनार्डवरचा वर. म्हणजे शेपूट विमानाला खाली दाबते, कॅनार्ड उचलते, विषय संपला! हीच आकृती मीही वर्गात बरीच वर्षे फळ्यावर काढली. त्यामुळे तिच्यात कुठे गोम आहे ते मला पुरते ठाऊक आहे.

विमानशास्त्र शिकवताना मी मुलांकडून बाल्सा लाकडाची दोन ग्लायडर करून घेत असे, एक शेपटीचे आणि एक कॅनार्डचे. दोन्हींचा तोल मुले एकाच ठिकाणी साधत, मुख्य पंखाच्या पुढच्या कडेपासून एकतृतीयांश रुंदीवर. शेपटीचे ग्लायडर सरळ जाई. कॅनार्डचे हात सुटताच नाक वर करून उलटे होई. नाकाला प्लॅस्टिसीनचा गोळा लावून गुरुत्वमध्य पंखाच्याही पुढे आणला की तेच ग्लायडर शहाण्यासारखे उडे. कॅनार्ड जात्याच अस्थिर नसते. पुढे पृष्ठभाग आला की विमानाचा तटस्थ बिंदूही (वजन त्याच्या पुढे असेल तर विमान स्थिर, मागे असेल तर अस्थिर) पुढे सरकतो, आणि वजन त्याच्या पुढे हवे की मागे हे तुम्ही ठरवायचे असते. राइट बंधूंच्या १९०३च्या विमानालाही नियंत्रणाचा पृष्ठभाग पुढेच होता. ते अस्थिर होते, पण त्याचे कारण या हिशेबात होते.

लढाऊ विमानात हा हिशेब मुद्दाम उलटा करतात. १९७४ साली उडालेल्या एफ-१६मध्ये ध्वनीपेक्षा कमी वेगाला गुरुत्वमध्य तटस्थ बिंदूच्या मागे ठेवला आहे आणि तोल संगणक सांभाळतो. मग वळण घेताना त्याची शेपूट खाली दाबत नाही, वर उचलते. बाण फिरला! उलट कॅनार्डच्या विमानात गुरुत्वमध्य मागे नेला की कॅनार्डवरचा भार कमी होत जातो. म्हणजे ती आकृती स्थिर प्रवासी विमानाची आहे, आणि लेख लढाऊ विमानांचा.

खरा प्रश्न नाक वर नेण्याचा नाहीच. ते अस्थिर विमान आपणहून नेते. नाक खाली आणायला किती ताकद शिल्लक आहे, तो प्रश्न आहे. विमान हवेला फार तिरके झाले असताना नाक पाडायचे, तर मागच्या शेपटीला जास्त लिफ्ट, म्हणजे वर उचलणारे बल, द्यावी लागते, म्हणजे तिचा कोन आणखी वाढवावा लागतो, आणि नेमकी तेव्हा ती स्वतः स्टॉलच्या, म्हणजे हवेचा प्रवाह पृष्ठभागावरून सुटून लिफ्ट ढासळण्याच्या, जवळ असू शकते. कॅनार्डने मात्र फक्त मान खाली घालायची, येणाऱ्या हवेच्या रेषेत यायचे. हा कॅनार्डचा खरा फायदा, आणि लेखात नेमका तोच नाही. एफ-१६ अशा, नाक खाली येईनासे होणाऱ्या, खोल स्टॉलमध्ये अडकू शकते. तेव्हा वैमानिक संगणकाची मर्यादा बाजूला सारून विमान झोक्यासारखे हलवून बाहेर काढतो. मात्र कॅनार्डने नाक वर ओढायचे असेल, तेव्हा आधी स्टॉल होण्याची पाळी त्याची.

शिवाय 'कॅनार्ड' ही एकच वस्तू नाही. रफालचे कॅनार्ड मुख्य पंखाला अगदी लागून असते. त्यावरून सुटलेले भोवरे पंखावरची हवा चिकटवून ठेवतात, म्हणून पंखाला उशिरा स्टॉल येतो. युरोफायटरचे कॅनार्ड पंखापासून दूर, पुढे कॉकपिटपाशी आहे. तिथे मुख्य काम लांब तरफेचे. १९६७ला उडालेल्या स्वीडिश व्हिगेनचे कॅनार्ड तर जागचे हलतही नसे, फक्त त्यावरचे फ्लॅप (मागच्या कडेच्या झडपा) हलत. आखूड धावपट्टीवर उतरता यावे म्हणून ते दिले होते. हवेतल्या कसरतींशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

चपळाई शेवटी संगणकातल्या नियमांवर ठरते. स्वीडनचे ग्रिपेन कॅनार्डचेच विमान. १९८९मध्ये त्याचा पहिला नमुना उतरताना आदळला आणि १९९३मध्ये दुसरे विमान स्टॉकहोममध्ये प्रेक्षकांसमोर कोसळले. दोन्ही वेळा वैमानिकाचा हात आणि नियंत्रणप्रणाली यांचा ताल चुकला होता. पंख पुढे होते म्हणून काही अपघात टळले नाहीत.

आणि शेपूट जुनी म्हणावी, तर एफ-२२ आणि एफ-३५ दोघांनाही शेपूटच आहे. रडारपासून लपायचे असेल तर पंखाच्या आड, पंखाशी समांतर कडा असलेली शेपूट सोयीची पडते. चीनच्या जे-२०ने तरीही कॅनार्ड घेतले, हेही नोंदवायला हवे. सुखोई-३० एमकेआयला कॅनार्ड आणि शेपूट दोन्ही आहेत, शिवाय इंजिनाचा झोत वळवणारी फिरती नॉझल. त्याच घराण्यातल्या सुखोई-३५ने पुढे कॅनार्ड काढून टाकले.

आकृती पुन्हा छापणार असाल तर एवढे करा: शेपटीवर दोन बाण काढा, एक वर आणि एक खाली, आणि गुरुत्वमध्याचा ठिपका दाखवायला विसरू नका. छापलेल्या आकृतीत तो नव्हताच.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक