परत पाठवलेला माल जातो कुठे?

मा. संपादक,

आयात केलेल्या अन्नात बंदी असलेल्या औषधाचे अंश सापडले, माल बंदरातूनच परत पाठवला, अशी बातमी अधूनमधून येते आणि ‘चला, यंत्रणा जागी आहे’ म्हणून आपण पान उलटतो. पण नाकारलेल्या त्या मालाचं पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही.

अमेरिकेत असा माल ९० दिवसांत नष्ट करायचा किंवा देशाबाहेर न्यायचा, असा नियम आहे. आता कंटेनरभर माल आपणहून कोण जाळेल? तपासणी ढिली असलेलं दुसरं बंदर गाठण्याचा मोह मोठा असतो. म्हणजे एका देशातल्या लोकांना विषारी ठरलेलं अन्न दुसऱ्या देशातल्या मुलांच्या ताटात पडू शकतं. याची मला खरोखर चीड येते.

हे अंश नगण्य असतात, असं व्यापारी सांगतात. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचंच घ्या. संवर्धित कोळंबीत आणि मधात ते वारंवार सापडलं आहे. काही माणसांच्या अस्थिमज्जेत त्याने रक्त तयार होणंच थांबतं, आणि किती मात्रेपर्यंत धोका नाही हे सांगता येत नाही. म्हणून तर अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना ते द्यायला बंदी आहे. नायट्रोफ्युरान हे दुसरं प्रतिजैविक त्याहून लबाड. मूळ औषध प्राण्याच्या शरीरातून काही तासांत नाहीसं होतं, पण त्याचे अवशेष मांसातल्या प्रथिनांना आठवडेच्या आठवडे चिकटून राहतात आणि शिजवूनही जात नाहीत. ते शोधायला महागडी यंत्रं आणि जाणकार माणसं लागतात. डोळ्यांनी बघून, वास घेऊन किंवा सोबतचं प्रमाणपत्र वाचून काहीही कळत नाही.

हा प्रश्न कुण्या एका देशाचा नाही. २०२० मध्ये युरोपात भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं. जंतू मारण्यासाठी वापरलेला हा वायू स्वतःच कर्करोगकारक आहे. पाव, बिस्किटं, किती तरी पदार्थ दुकानांतून परत मागवावे लागले.

अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन नाकारलेल्या मालाची यादी उत्पादकाच्या नावासह जाहीर करतं. युरोपची इशारा यंत्रणा पदार्थ, देश आणि दोष सांगते, पण लोकांसाठी खुल्या यादीत कंपनीचं नाव नसतं. ही झाकाझाक कशासाठी? ग्राहकाला पाठ असतं ते पाकिटावरचं नाव.

माझी मागणी साधी आहे. माल नाकारला की उत्पादकाचं नाव, खेपेचा क्रमांक आणि सापडलेला अंश त्याच दिवशी सगळ्या देशांच्या बंदरांना कळवावा आणि लोकांसाठीही खुला करावा. बंदी असलेलं औषध सापडलेल्या मालाला तर परतीची वाटच नसावी. तो सरकारी देखरेखीखाली तिथेच नष्ट व्हावा, आणि खर्च आयातदाराने भरावा.

आपला,
एक वाचक