संध्याकाळी सात वाजताची वीज

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. जर्मनीने 15 एप्रिल 2023 रोजी तुमच्या श्टुटगार्टजवळच्या नेकारवेस्टहाइमसह शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, ते शहाणपण की घोडचूक, यावरून तुमच्या वर्गात दोन तट पडले आणि ‘बाबा, तुम्ही कोणत्या बाजूचे?’ असे तू विचारले आहेस. जर्मनीच्या विजेचा भार मी कधी सांभाळलेला नाही, त्यामुळे तिथला निवाडा मी करू नये. महाराष्ट्रापुरते मात्र सांगतो.

कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रात माझी सत्तावीस वर्षे गेली. समोर विजेच्या वारंवारतेचा आकडा सतत दिसत असे. तो 50 हर्ट्झच्या आसपास राहिला, तर मागणी आणि निर्मिती यांचा मेळ बसलेला असे. निर्मिती कमी पडली, की तो 49.90, 49.85 असा उतरू लागे आणि खोलीतले बोलणे थांबे. वीज ज्या क्षणी लागते, त्याच क्षणी ती कुठून तरी यावी लागते. दिवेलागणीला मागणी चढली, की कोयनेला फोन जाई आणि काही मिनिटांत तिथल्या पोफळीच्या वीजघरातले संच भार उचलत. थंड पडलेला कोळशाचा संच पेटवून तेवढ्याच कामाला आणायचा, तर कित्येक तास जातात. पण कोयनेचे पश्चिमेकडे वळवायचे पाणीही वर्षाला 67.5 टीएमसीपुरतेच (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), ते पुरवून वापरावे लागे. तेव्हापासून कोणत्याही नव्या प्रकल्पाचे मेगावॉट ऐकले, की माझा पहिला प्रश्न असतो, ही वीज किती वाजता मिळणार?

2025 मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेत कोळसा, वायू यांखेरीजच्या स्रोतांचा वाटा निम्म्याच्या वर गेला, तरी प्रत्यक्ष वापरलेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशाचीच आहे, याचे एक मोठे कारण या प्रश्नात आहे.

म्हणून मी सौरऊर्जेला कमी लेखतो, असे समजू नकोस. काकांना वर्षानुवर्षे शेतीपंपासाठी एक आठवडा दिवसाची, तर एक आठवडा रात्रीची वीज मिळे. पौषातल्या थंडीत रात्री दीड वाजता, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातातली काठी जमिनीवर आपटत उसाला पाणी द्यायला निघालेले काका तू पाहिले आहेस. मोटारीच्या पेटीत साप तर नाही ना, हे बघितल्याशिवाय ते बटणाला हात लावत नसत. त्या रात्री मी कळव्याला पाळीवर असे, आणि शेतीचा भार रात्रीकडे गेल्यामुळे दिवसाचा आकडा सावरला, याचे मला समाधान वाटे. आज ते समाधान आठवले, की मन खाते. 2017 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून आता आपल्या गावचा शेतीचा फीडर, म्हणजे शेतीपंपांची वीजवाहिनी, सौर प्रकल्पाला जोडला आहे आणि काका दिवसाढवळ्या पाणी देतात. ऊन असते तेव्हाच पाणी भरायचे, त्यामुळे या विजेला साठवणही लागत नाही.

अडते ते ऊन गेल्यावर, संध्याकाळी सात वाजता. तिथे अणुऊर्जा आणली म्हणजे झाले, हे तू पत्रात लिहिलेले तुझ्या मित्राचे म्हणणे मला पटत नाही. तारापूरचे पहिले दोन संच 1969 पासूनचे; अशी भट्टी रात्रंदिवस एकसारखी चालवण्यातच तिचा लाभ असतो, तिला दिव्यांच्या वेळेप्रमाणे कमी-जास्त करणे परवडत नाही. जो भार चोवीस तास हटत नाही आणि आज कोळसा वाहतो, तो तिने घ्यावा, आणि त्यासाठी ती हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. जैतापूरला प्रत्येकी 1650 मेगावॉटच्या सहा भट्ट्यांचा, 9900 मेगावॉटचा प्रकल्प ठरून इतकी वर्षे झाली, तरी तो उभा राहिलेला नाही. त्याचा दोष साखरी-नाट्याच्या मच्छीमारांच्या अडाणीपणावर टाकणारे लोक मला आवडत नाहीत. भट्टी थंड करून समुद्रात परत जाणारे पाणी कोमट असते. ज्याचे घर मासळीवर चालते, त्याने त्या पाण्याबद्दल विचारायचे नाही, तर कोणी विचारायचे?

कोळसा जायलाच हवा. तू तीन वर्षांची असताना आपण एका औष्णिक केंद्राच्या वसाहतीत राहत होतो. आई दोरीवरचे कपडे काढताना आधी झटके आणि तरीही घडी घालताना बोटांना करडी राख लागे. पण संध्याकाळची सोय होण्याआधी ते संच बंद केले, तर भारनियमन पुन्हा फिरून काकांच्याच फीडरवर येईल, याची मला धास्ती आहे.

ती सोय घाटघरला आहे, 250 मेगावॉटची. खालच्या धरणातले पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली, की तेच खाली सोडून वीज करायची. मागणी नसलेल्या रात्रीच्या विजेवर पाणी चढवायचे, हा तिचा मूळ हिशेब. आता तेच काम दुपारच्या उन्हाच्या विजेने व्हावे आणि सह्याद्रीत अशा जागा आणखी उभ्या राहाव्यात, एवढे माझे म्हणणे आहे. बॅटऱ्यांविषयी तू माझ्यापेक्षा अधिक शिकते आहेस. किती तास आणि किती किमतीला, एवढे लिहून कळव.

दिवाळीला आलीस, की घाटघरच्या कोकणकड्यावर जाऊ. तिथून खालचे खोरे दिसते. अंधार पडेपर्यंत थांबू.

तुझे,
बाबा